काकांच्या आवाजात बाबा

४ फेब्रुवारी

काका,

नमस्कार केला असं समजा. वर 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण गेला आठवडाभर तुमचा प्रोग्राम वाचतेय आणि त्यानंतर तो शब्द हातून उतरेना.

फोन तुम्ही उचलत नाही. मेल तुम्हाला निर्जीव वाटते. म्हणून हे पोस्टानं. सोबत छापील कागदांचा गठ्ठा आहे, त्या सगळ्या चुका आहेत. माझ्या नव्हेत, तुमच्या.

आता कामाचं. बाबांची पेटी आचके देतेय. सकाळी तीन-चारदा बटण दाबावं लागतं, मग आतून जळक्या रबराचा वास येतो आणि मग कुठे ती जागी होते. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इतकी लहान होते की त्यांचा स्वतःचा आवाज मला आठवतच नाही. आठवतो तो तुमचा. कचेरीतून मोडीत निघालेलं यंत्र तुम्ही आणलंत, स्वतःच्या आवाजात एकेक अक्षर भरलंत, आणि बाबा टाइप करतील ते यंत्र तुमच्या आवाजात बोलायला लागलं. उपकार आहेत, मान्य. पण 'गणितात नापास झालीस, लाज नाही वाटत?' हे वाक्य जिला कविता म्हटल्यासारखं, शेवटी हेल काढून ऐकावं लागलं, तिचंही जरा ऐकून घ्या. आमच्या घरात मीठसुद्धा चालीवर मागितलं जातं.

पूर्वी पेटी रुसली की बाबा कागदावर लिहायचे आणि आई वाचायची. आईचे डोळे गेल्यापासून ते संपलं. एकाला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही. दोघांच्या मध्ये आता फक्त ती पेटी आहे आणि पेटीत तुमचा प्रोग्राम आहे. हे लिहितानाच मला घाम फुटतोय.

बाजारातला तयार आवाज मी आणून पाहिला. स्वच्छ, गुळगुळीत. बाबांनी टाइप केलं, "गोळी घेतलीस का?" आई माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "कोण आलंय गं? त्यांना बसायला सांग." दिवसभर ती त्या आवाजाशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलली. संध्याकाळी बाबांनीच तो बंद केला.

तेव्हा तुमचाच प्रोग्राम माझ्या नव्या लॅपटॉपवर आणायचा. कंपनीत मी हेच करते, एका यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेते. नेहमीप्रमाणे आधी मेकफाइल उघडली, म्हणजे प्रोग्रामची बांधणी कशी करायची हे ज्यात लिहिलेलं असतं ती फाइल. काका, ती फाइल आहे की अडगळीची खोली? प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरला दिलेल्या निम्म्या सूचना आजच्या कंपायलरला कळतसुद्धा नाहीत. त्या झाडून काढल्या. उरलेली फाइल माझ्या एडिटरकडून नीटनेटकी करून घेतली. तरी बांधणी सुरुवातीलाच अडते. 'सेपरेटर सापडत नाही' म्हणते. कुठला सेपरेटर? कशाचा?

एवढंच सांगा. आणि सांगायचंच असेल तर हेही सांगा, की गेल्या उन्हाळ्यात मुक्कामाला म्हणून आलात आणि दुपारी न सांगता निघून गेलात, ते का? आईला विचारलं की ती विषय बदलते.

टिटवी

·

११ फेब्रुवारी

चिरंजीव टिटवीस,

आशीर्वाद. तुझ्या नमस्काराच्याच मापाचे.

गठ्ठा पोचला. पहिल्या पानाची पहिली ओळ वाचली आणि बाकीचा गठ्ठा घडी करून खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत खोचला. वारा थांबला. तुझ्या शिक्षणाचा मला झालेला हा पहिला उपयोग.

पोरी, मेकफाइलमध्ये आज्ञेच्या प्रत्येक ओळीआधी टॅब असतो. टॅब. स्पेस नव्हे. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच कोरं दिसतं, पण ती फाइल चालवणारा मेक डोळ्यांनी वाचत नाही. तुझ्या त्या अतिशहाण्या एडिटरनं नीटनेटकेपणाच्या नावाखाली माझे सगळे टॅब खाल्ले आणि जागोजाग स्पेसा ओकून ठेवल्या. ते परत लाव. आणि मला सांग, हे शोधायला कंपनी तुला खुर्ची, टेबल आणि वरून गार हवा देते?

आम्हाला कविता शिकवायला एक मास्तर होते. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात खडू. ओळीच्या मध्ये जिथे थांबायचं तिथे न थांबता एखादा पोरगा भरधाव पुढे गेला, की ते डस्टर आपटून म्हणत, "अरे गाढवा, ही मोकळी जागा कवीनं लिहिलीय. तुझ्यासाठी उरलेली नाही ती!" मोकळी जागासुद्धा लिहावी लागते हे मी त्या बाकावर, शाईच्या डागावर कोपर टेकून शिकलो. तुझी पदवी होऊनही ते तुझ्यापर्यंत आलेलं नाही.

माझ्या फाइलला अडगळीची खोली म्हणालीस. तिथेच तर सगळं झालं. कचेरीत नकाशांची एक खोली होती, कापडी नकाशांच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या. आवाज घुमत नसे म्हणून मी तिथे बसून दादासाठी अक्षरं भरली. क, का, कि, की. तिरपं ऊन झरोक्यातून यायचं, धूळ तरंगायची, आणि मला वाटायचं मी पुन्हा वर्गात उभा आहे, सगळी मुलं गप्प आहेत आणि मास्तर डोळे मिटून ऐकताहेत. तो हेल, ज्याची तू चेष्टा करतेस, तो त्या उन्हाचा आहे. तुझ्या बाजारातल्या आवाजाला ऊन लागलेलं नाही. तो कुणाचाच नसतो. वहिनींनी त्याला बसायला सांगितलं हेच खूप झालं.

ज्या सूचना झाडून काढल्यास त्या कुठेतरी जपून ठेवल्या असशील, अशी आशा करतो. फार आशा करत नाही.

गेल्या उन्हाळ्याचं म्हणशील तर, गाडी चुकली असती. एवढंच.

काका

·

१७ फेब्रुवारी

काका,

टॅब लावले. बांधणी झाली. टाळ्या वाजवा आणि मग बसा, कारण पुढचं ऐकायला बसावं लागेल.

बाबांना बोलावलं, आईला शेजारी खुर्ची दिली. बाबांनी टाइप केलं, आणि लॅपटॉपमधून जे बाहेर आलं ते बोलणं नव्हतं. रिकामा नळ खोकतो, पत्र्यावर खिळे सांडतात आणि कुणीतरी कापड टराटरा फाडतं, हे सगळं एकदम. आईनं कानांवर हात घेतले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी घड्याळ उघडून ठेवल्यावर पाहिलं होतं. तुमच्या उन्हाचा हा आवाज, काका. अभिनंदन.

प्रोग्राम तोच, आवाजाच्या फाइली त्याच. मग खराबी कुठे आहे? तुमच्या त्या दोन-दोन पानांच्या फंक्शनांत मला काही सापडत नाही. एका ठिकाणी तर तुम्ही व्हेरिएबलचं नाव 'गुलाब' ठेवलंय. का? असं का?

हे सगळं मी हसत लिहिलं असतं. पण परवा पेटी गेली. आतून धूर आला, दिवा विझला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क काढून कानाशी हलवून दाखवली. खुळखुळ्यासारखी वाजली. "मॅडम, यातून आता काही निघायचं नाही," म्हणाला आणि वर विचारतो, "पेटी ठेवायची का? मुलांना खेळायला होईल."

तेव्हापासून घर कसं आहे सांगते. आई बोलते आणि थांबते. मग विचारते, "आहात का?" बाबा टेबलावर बोटानं एकदा वाजवतात. म्हणजे आहे. दोनदा वाजवलं की नाही. पण 'नाही' कशाला, ते सांगता येत नाही. काल ती म्हणाली, "खिडकी लावली का?" दोन टकटक. "लावू नका असं म्हणताय, की लावली नाही म्हणताय?" बाबांनी दोन्ही हात टेबलावर आपटले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहिली. मी तिला सांगितलं नाही.

लवकर लिहा. शिव्या घाला, पण लवकर घाला.

टिटवी

·

२१ फेब्रुवारी

चि. टिटवी,

हे जलद टपालानं पाठवतोय. शिव्या वाटेत सांडल्या तर मागून पाठवीन.

आवाजाचा प्रत्येक कण मी एका अंकात ठेवलाय, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. मधला अंक म्हणजे शांतता. त्याच्या वर लाटेचा माथा, खाली लाटेचा तळ. आता हा एवढासा अंक उणेही असू शकतो असं काही कंपायलर धरून चालतात. मग निम्म्याच्या पुढचा प्रत्येक अंक त्यांना उणे दिसतो. लाटेचे सगळे माथे छाटून तळाखाली नेऊन गाडल्यावर ऐकू काय येणार? खिळे आणि पत्रेच.

माझ्या यंत्राचा कंपायलरही हाच वेडेपणा करायचा. म्हणून मेकफाइलमध्ये मी त्याला एक सूचना दिली होती: हा अंक उणे धरू नकोस. तुझ्या कंपायलरमध्ये तीच सूचना आहे, फक्त नाव निराळं आहे. नाव निराळं म्हणून तुझा कंपायलर कुरकुरला, आणि तो कुरकुरला म्हणून तू सूचनाच केरात टाकलीस. का दिली असेल, हे विचारायचं सुचलं नाही. जुनं दिसलं ना, मग काय! झाडू हातात असला की तुम्हा लोकांना सगळं घर केरच दिसतं.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. कवितेत न कळलेला शब्द आला की तो गाळून पुढे म्हणायचा. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "त्याच्याशिवायही चाल बसते." पुढे तो मोठा साहेब झाला. तुझी कंपनी बहुधा त्याचीच असेल.

'गुलाब' हे नाव का ठेवलं विचारतेस. त्या ओळीशी आलो तेव्हा फार थकलो होतो आणि काहीतरी चांगलं लिहावंसं वाटलं. तू तुझ्या प्रोग्रामांत 'टेंप वन' आणि 'टेंप टू' ठेवतेस ना? त्यापेक्षा बरं.

रिकाम्या खुर्चीचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. सूचना परत घाल. आजच घाल.

काका

·

२६ फेब्रुवारी

काका,

सूचना घातली. आवाज आला. तुमचा, तोच, उन्हाचा. आई खुर्चीत ताठ झाली. मला वाटलं, झालं एकदाचं.

मग बाबांनी टाइप केलेलं ऐकू आलं. "टुळा ऐकू येटंय णा?"

मी म्हटलं, काहीतरी चुकून दाबलं गेलं असेल. बाबांनी पुन्हा टाइप केलं. "टू कशी आहेस? मी इठेच आहे."

आई हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं, हे कोण बोबडं पोर आणलंस? दात पडलेत का त्याचे?" बाबांनी चिडून टाइप केलं, "हसू णकोस." ती आणखीनच हसली. ते उठून गेले.

कारण मी शोधलंय, यावेळी तुमची मदत लागली नाही. हे अभिमानानं लिहीत नाही. तुम्ही फाइलींना इंग्रजी अक्षरांत नावं दिलीत. 'त'साठी लहान टी, 'ट'साठी मोठा टी. 'न'साठी लहान एन, 'ण'साठी मोठा एन. पेटीवर ती वेगळी नावं होती. माझ्या लॅपटॉपवर फाइलीच्या नावात लहान-मोठं सगळं एकच. कॉपी करताना आधी 'त' आला, मग 'ट' आला. लॅपटॉपनं विचारलं, या नावाची फाइल आहे, बदलू का? मी 'सगळ्यांना हो' दाबलं. त, थ, द, ध, न, ल, सगळी बाराखडीसकट गेली. त्यांच्या जागी ट, ठ, ड, ढ, ण, ळ येऊन बसले. मूळ फाइली होत्या त्या पेटीतच, आणि तिची डिस्क आता खुळखुळा आहे.

घाला शिव्या. पण लहान-मोठ्या अक्षराच्या भरवशावर माणसाची वाचा कोण टांगून ठेवतं? तुमच्या जगात दुसरं यंत्र निघणारच नव्हतं का?

असो. नावं मी आता बदलली आहेत, 'त' आणि 'ट' पुन्हा एकमेकांवर बसणार नाहीत. बांधणी तयार आहे, त्या सहा अक्षरांच्या जागी तुम्ही येईपर्यंत ट, ठ, डच वाजत राहतील. या आणि ती सहा बाराखड्या भरून द्या. माझ्याकडे चांगला माइक आहे. एका बैठकीचं काम. तिकीट मी काढते.

टिटवी

·

४ मार्च

चि. टिटवी,

'सगळ्यांना हो.' वा! तुमच्या पिढीची सही आहे ही. पुढे-मागे कुणी तुमचं शिल्प उभारलं तर खाली हेच कोरावं.

'त' गेला म्हणतेस. 'त' काय चीज आहे हे तुला ठाऊक नाही. दातांना जीभ हलकेच टेकते आणि सुटते. मास्तर म्हणायचे, 'त' म्हणजे दारावरची हलकी थाप, आणि 'न' म्हणजे घंटा वाजून गेल्यावर हवेत उरतो तो. लहान मुलांच्या गाण्यांत ही अक्षरं पावसासारखी पडतात. 'ट' म्हणजे नुसतं ओट्यावर आपटलेलं भांडं. आणि दादाच्या तोंडी आता तेवढंच उरलंय.

पण मी येणार नाही. आवाज भरून पाठवणारही नाही. माझा घसा म्हातारा झालाय, आवाज चिरकतो. तेव्हाच्या तरुण आवाजात मध्येच हा घुसला तर ते नव्या कोटाला जुनी बाही लावल्यासारखं दिसेल. तू बाजारातला आवाज आण. वहिनींना होईल सवय. सवय कशाचीही होते.

प्रोग्राम टाकून दे. 'गुलाब' तेवढा काढून घे, हवा असेल तर.

काका

·

९ मार्च

काका,

मी आजवर तुमच्या मेकफाइलीला नावं ठेवली, तुम्हाला नाही. आता ठेवते. तुम्ही भित्रे आहात.

घसा म्हातारा झालाय? गेल्या उन्हाळ्यात जिन्यापासून म्हणत आलेली कविता मला तिसऱ्या मजल्यावर शब्दन्शब्द ऐकू आली होती. बाहीची काळजी तुम्हाला कधीपासून? तुमचा कोपरावर फाटलेला स्वेटर मी पाहिलाय.

घरात काय चाललंय ते ऐका. बाबांनी टाइप करणं बंद केलंय. आई त्या दिवशी हसली, ते त्यांना लागलं. ती आता हसत नाही, ती आर्जवं करते. "बोबडं तर बोबडं, बोला हो. मी नाही हसणार." ते टकटक करतात, दोनदा. मी म्हटलं, बाजारातला आवाज लावू? पुन्हा दोनदा. मग कागदावर मला लिहून दाखवलं, "त्या माणसाला तिच्याशी बोलू द्यायचं नाही." ज्या आवाजाची त्यांना इतकी वर्षं चीड होती, त्याच्याशिवाय त्यांना दुसरा नको आहे. मी वेडी होईन.

काल आई एकटीच बोलत होती. शेजारणीनं काय सांगितलं, नळाला पाणी कधी येणार, असं. मग थांबली आणि म्हणाली, "आहात का?" बाबा समोर बसले होते. त्यांनी वाजवलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आता कारण लिहा. खरं. नाहीतर पुढचं पत्र पाठवू नका.

टिटवी

·

१५ मार्च

टिटवी,

हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात त्या दिवशी दुपारी दादा खाली फिरायला गेला होता. मी बाहेरच्या खोलीत होतो. तहान लागली म्हणून स्वयंपाकघराच्या दारात गेलो, जिथे दादाची पेटी असायची, आणि म्हणालो, "पाणी हवं होतं." वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. वळल्या असत्या तरी काय फरक पडणार होता म्हणा. त्या म्हणाल्या, "आलात का फिरून? आणि तुमचे धाकटे बंधू कुठे गेले? असोत तिथे असोत, दोन घटका कान मोकळे. अहो, तुमच्या तोंडून तो आवाज मी दिवसभर ऐकते, तेवढा पुरे आहे. मूळ माल घरात कशाला?"

मूळ माल.

दादा समजून बोलल्या. माझ्या तोंडावर कधी बोलल्या नसत्या, चांगल्या घरातल्या आहेत. पाणी न पिताच वळलो, पिशवी उचलली आणि निघालो.

इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्या घरात असतो. इथे एकट्या खोलीत चहा करताना मनात यायचं, आत्ता तिकडे दादा काहीतरी म्हणाला असेल आणि ते मी म्हटलेलं असेल. मला फार बरं वाटायचं. आता तोच आवाज, ज्याचा त्यांना वीट आलाय, तो मी पुन्हा नव्यानं भरून देऊ? स्वतःच्या हातानं? फोन मी याचसाठी उचलत नाही. पलीकडे वहिनी असल्या आणि मला दादा समजून आणखी काही बोलल्या, तर ते ऐकण्याची ताकद माझ्यात नाही. तुझ्या बाजारातल्या माणसाला त्या निदान बसायला तरी सांगतात.

भित्रा म्हणालीस. चालेल.

काका

·

२१ मार्च

भावजी,

हे मी सांगतेय आणि टिटवी लिहितेय. मध्ये स्वतःचं घुसडू नकोस असं तिला बजावलंय. वाचून दाखवू नकोस असं तुम्ही लिहिलंत, ते वाक्यही तिनं मला वाचून दाखवलं. आमची पोर आहे ती, तुमची नाही.

त्या दिवशी दारात तुम्ही होतात हे मला ठाऊक होतं. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. यंत्राला दम लागत नाही, भावजी. ह्यांचं 'पाणी हवं होतं' सरळ एका दमात येतं, आगगाडीच्या डब्यांसारखं. तुम्ही 'पाणी' म्हणता, मग छातीभर श्वास घेता, जणू पुढे कुणी वाहवा म्हणणार आहे, आणि मग 'हवं होतं' म्हणता. गेली इतकी वर्षं एकाच आवाजाच्या दोन माणसांशी बोलतेय मी. ओळखणार नाही? तुम्हाला खरंच वाटलं मी फसले? किती भोळे हो तुम्ही. भोळेही नाही, स्वतःवर खूष.

मुद्दाम बोलले मी. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर कविता म्हटली असती.

आणि का बोलले ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सकाळचं विसरलात? तुम्ही ओट्यापाशी उभे राहून मला शाळेतली कविता ऐकवत होतात. मी म्हटलं होतं, "दूध तापतंय, वर आलं की सांगा." तुम्ही हो म्हणालात आणि डोळे मिटून सुरू झालात. दूध उतू गेलं. मी चरचर ऐकून हात घातला आणि चार बोटं भाजली. तुम्ही कडवं पुरं केलंत. त्यानंतर विचारलंत, "वहिनी, वास कसला येतोय?" डोळे माझे गेलेत, भावजी. मिटून तुम्ही बसता.

ह्यांना मी सांगितलं, माझीच चूक झाली. तुम्हा दोघांत आणखी एक भांडण नको म्हणून. आता सांगून टाकलं. हे इथेच बसलेत, त्यांनीही ऐकलं.

तुमच्या आवाजाचा मला वीट आलाय, हे खरं आहे. गोड बोलून ते खोटं करणार नाही. मीठ मागतानासुद्धा त्याला गळा काढायचा असतो. पण त्या आवाजात माझ्याशी बोलतात ते तुम्ही नव्हे. औषधाची वेळ सांगतात ते हे. माझ्या पायात पाट येतोय म्हणून ओरडतात ते हे. रात्री कूस बदलली तर 'झोप लागत नाही का' असं विचारतात, तेही हेच. तुम्ही त्या घरात असता असं लिहिलंत. नसता. एक दिवससुद्धा नव्हतात. तुमचं इथे फक्त पुडकं आहे आणि मला पुडक्यातलं हवंय. आता पुडकं फाटलंय आणि तुम्ही तिकडे मान खाली घालून बसलात, कारण एका आंधळ्या बाईनं तुम्हाला खरं सांगितलं. लाज वाटायला हवी. बसून राहण्याची, ऐकलेल्याची नव्हे.

या. सहा अक्षरं टिटवीच्या त्या माइकात म्हणा. चिरकली तर चिरकू देत. ह्यांचंही वय झालंय. एवढ्या वर्षांत आवाज एका दिवसानंही म्हातारा झाला नाही, तेच मला विचित्र वाटायचं. राहा हवे तितके दिवस. माझ्याजवळ ओट्याशी उभे राहणार असाल तर डोळे उघडे ठेवून.

हे मघापासून खटखट करताहेत. कितीतरी दिवसांनी यंत्राला हात लावलाय. थांब गं टिटवी, यांना आधी बोलू दे. हसायचं नाही हं. मीही नाही हसणार. बोला हो.

(आई म्हणाली, जसं ऐकू आलं तसंच लिही.)

"येऊ डे ट्याळा. मळा ट्याच्याशी भांडायचंय."